न वाढणारं नख

सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला की काचेखालचा पेशींचा थर धाकटीला आभाळातून दिसणाऱ्या झोपलेल्या गावासारखा वाटायचा. छपराला छप्पर खेटलेलं, धूर नाही, आवाज नाही. विषाणू शिरला की छपरं उडायची, गावाला गोल भोक पडायचं. असंच एक भोक

ताईच्या उजव्या डोळ्यात पडत होतं. डावा आधीच गेलेला. मूत्रपिंड बदलल्यापासून, नवं शरीरानं नाकारू नये म्हणून, ताईच्या शरीराची राखण मुद्दाम ढिली ठेवली होती. एरवी निपचित पडून राहणाऱ्या विषाणूनं तेवढ्यात डाव साधला. औषध आधी लागू पडलं. मग विषाणूनं कूस बदलली, आणि औषधाला तो जुमानेना.

"माझ्या घड्याळात तीन वाजतच नाहीत गं," ताई म्हणाली. "तिथंच काळा डाग येतो."

"बरंय की. कंटाळवाणी वेळ असते ती."

"तूच तीनला येते म्हणतेस, शहाणे!"

ताई घड्याळं दुरुस्त करायची. अंगठ्याचं नख वाढवलेलं. मागचं झाकण त्यानंच टचकन

उघडायची. प्रयोगशाळेत धाकटीनं टाकून द्यायच्या प्लेटांचा डबा उघडून पाहिला. बाकीचे विषाणूवर नेम धरायला नवी जागा शोधत होते. धाकटी पेशीतलं काहीतरी शोधत होती, ज्याच्यावाचून विषाणूचं अडेल. म्हणून दुसऱ्याच आजारांची जुनी औषधं ती प्लेटेतल्या, विषाणू सोडलेल्या एकेका खळग्यात घालून बघायची. पेशी मंदावल्या, की त्या खळग्यावर फुली: विषारी. सगळे तेच करायचे. तीही.

दुपारची पेंग होती. फुलीवाला एक खळगा तिनं उगाच काचेखाली धरला. गाव झोपलेलं. छपरांवरून ताई अनवाणी चालत होती, कानाला घड्याळ लावून. "बंद पडलंय का?" धाकटीनं विचारलं. ताईनं ओठांवर बोट ठेवलं.

दचकून ती जागी झाली. गाव तसंच होतं. एकही भोक नव्हतं.

तिनं औषध धुऊन काढलं, पेशींना ताजं खाद्य दिलं. सकाळी पेशी दुभंगून वाढत होत्या, जणू काही झालंच नव्हतं.

"पेशी मंदावल्या म्हणून विषाणू मंदावला," प्रयोगशाळेचे सर म्हणाले. "त्यात काय एवढं?"

"मंदावल्या सर, मेल्या नाहीत. आपण दोन्हींना एकच फुली मारतो."

सरांनी प्लेट उचलून काचेखाली धरली. धाकटी हळूच म्हणाली, "विषाणू स्वतःचं रूप बदलेल. पण हे औषध ज्याला धरतं, ते आपल्या घरचं आहे. ते बदलणं त्याच्या हातात नाही."

"ताईच्या विषाणूवर करून बघ," सर म्हणाले. "आणि पुन्हा कर. आणि पुन्हा."

पुन्हाही गाव शाबूत राहिलं. औषध सांधेदुखीचं होतं, जुनं, म्हणून रुग्णालयाच्या समितीनं बऱ्याच काथ्याकुटानंतर होकार दिला.

"बाई, नीट ऐका," डोळ्यांच्या डॉक्टर ताईला म्हणाल्या. "गुण येईलच असं नाही. आणि तुमची स्वतःची वाढही मंदावेल. जखमा भरायला वेळ, केस, नखं—"

"नखं?" ताईनं अंगठा पाहिला. नख आदल्याच दिवशी तुटलं होतं. तिनं बराच वेळ मूठ मिटून ठेवली. "द्या," ती म्हणाली.

मग दिवस पाण्याखालून गेल्यासारखे गेले. ताई पेंगायची, अर्ध्या वाक्यात थांबायची. धाकटी आली की आधी तिचा अंगठा हातात घ्यायची, मग तोंडाकडे बघायची. नख तिथंच. डॉक्टरांनी डोळ्याचे फोटो शेजारी शेजारी ठेवले. डाग होता. पण होता तेवढाच.

त्या दुपारी ताईनं एक घड्याळ पुढ्यात सरकवलं. "उघड."

"माझी नखं कापलेली असतात."

"मग दातानं उघड. एवढी शिकलीस कशाला?"

धाकटीनं चाकूच्या टोकानं झाकण काढलं. आतून बारीक टिकटिक आली. ताईनं घड्याळ उलटं करून तबकडी डोळ्याशी नेली.

"दिसतात का तीन?"

"थांब." ताईनं मान जराशी तिरकी केली, आणखी जराशी. "हं. सापडले. उशीर केलास तू आज."