बादलीभर पाणी

आमच्या मंजुश्रीला मोठ्यांना विचारायची सवयच नाही. सून गावच्या उपकेंद्रात नर्स झाली म्हणून सासूपेक्षा मोठी झाली काय? बारा वर्षं गरोदर बायांची तपासणी माझ्या ओसरीवर होत आली. सतरंजी माझी, पंखा माझा, चहाही माझाच. अन् या महिन्यात बाईसाहेबांनी वजनकाटा उचलून खालच्या गल्लीतल्या समाजमंदिरात नेऊन ठेवला.

"माझी ओसरी वाळीत टाकलीस का गं?"

"आत्या, मी मोजलं. आपल्या गल्लीतल्या नऊच्या नऊ बायांचं रक्त तपासलंय. खालच्या गल्लीत अकरांपैकी दोघींचंच."

"बोलावून येत न्हाईत, त्याला मी काय करू? आळशी हायत."

"न्हाईत. घरोघर जाऊन विचारलं मी. त्या पायऱ्या उतरल्या की तुम्ही ओसरीवर बादली ओतता."

"स्वच्छता नको का?"

"आपल्या बाया गेल्यावर कितींदा ओतली?"

खालच्या गल्लीतल्या बाया कोपऱ्यावर वळायच्या आत मी पाणी ओतायचे. आवाज त्यांच्या कानावर जातो हे ठाऊक नव्हतं, असं आता कोणत्या तोंडानं म्हणू?

"खालच्या गल्लीतल्या अयोध्याचं रक्त पाचवर आलंय, अकरा तरी हवं," मंजुश्री म्हणाली. "आठवा महिना. काल लातूरला पाठवली. पहिल्यांदाच तपासलं तिचं."

तपासणीच्या दिवशी मी समाजमंदिरात गेले. अयोध्याची सासू शेषाबाई सतरंजीवर बसली होती. मला बघून उठली, भिंतीला लागून उभी राहिली.

"बस की."

बसली नाही. "रक्त चढवून राहिलेत," एवढंच बोलली. "बाळाचे ठोके हायत म्हणं. पोरीचं अजून काय सांगत न्हाईत."

टेबलावर रजिस्टर उघडं होतं. मला अक्षर लावून लावून वाचता येतं. अयोध्याच्या नावापुढं चार महिने एकच ओळ: 'बोलावले, आली नाही.' खाली मंजुश्रीची सही.

"हे काय गं?"

मंजुश्री खाली बघत पुटपुटली, "आत्या, आपल्या घराचं कसं लिहिणार होते?"

सगळ्या बाया ऐकून राहिल्या होत्या. ऐकू दे म्हटलं.

"मंजुश्री, मी पाणी ओतलं ते तू डोळ्यांनी बघितलंस. माझ्या अब्रूपायी त्या पोरीला खोटं पाडलंस. मी लई वाईट वागले. तू त्याच्यावर सही केलीस. खोड ते, अन् तिथं माझं नाव लिही."