पाणी देऊ का नको?

मी एक जुनी औषधाची बाटली आहे. पोटाशी डोसांची कागदी पट्टी, तोंडात बूच. मित्रांनो, गोडगोड गोष्ट ऐकायची असेल तर दुसरीकडे जा. माझ्या पोटात एक प्रश्न अडकला आहे.

भट्टीतून निघाले ती विद्यापीठाच्या मोठ्या दवाखान्यात आले. तिथे मोतीराम भेटला. सोनाळ्याचा माळी, कांदा-वांगी पिकवणारा. पाय सुजून खांब झाले होते. डॉक्टरांनी माझ्यात लाल औषध भरलं आणि त्याच्या बायकोला, सुभद्राबाईला बजावलं, "मीठ एकदम बंद."

तिने मिठाचं मडकंच शेजारी देऊन टाकलं. आळणी वरण, आळणी पिठलं. मोतीराम म्हणायचा, "हे पिठलं होय का भिंतीले लिंपाचा गारा, वं?" ती हसायची. सूज मात्र चढतच गेली. एक दिवस तिचा धीर सुटला.

"खरं सांगा, चोरून मीठ खाऊन राह्यले ना?"

"तुही शप्पथ! खडाबी नाही घेतला."

औषध संपलं. तिने मळ्यातल्या विहिरीच्या पाण्याने मला विसळलं आणि उन्हात ठेवलं. दुपारी माझ्या काचेवर पांढरा थर धरला होता. तिने बोट फिरवलं आणि जिभेला लावलं. मीठ! भाकरीचं पीठ त्याच पाण्यात मळलेलं, वरण त्यातच शिजलेलं, तहानेलाही तेच. जन्मभर पिऊन जिभेला ती चव कळेनाशी झाली होती.

तिने तेच पाणी माझ्यात भरलं आणि मला शाळेच्या नारायणराव मास्तरांच्या हाती दिलं. "मास्तर, साहेबलोकाईले एवढंच इचारा. हे पाणी त्यायले देऊ का नको? नको म्हणले तर दोन कोसांवरून पहाडाखालचं गोडं पाणी डोक्यावर आणीन. पण त्या पाण्यानं हिवताप येते म्हणतात. मले काहीच समजून नाही राह्यलं."

मास्तर आधी डॉक्टरांकडे गेले. "आम्ही माणूस तपासतो, पाणी नाही. शेतकीवाल्यांकडे जा." शेतकीच्या साहेबांनी पाणी तपासलं आणि कागदावर लिहिलं : कांद्यास अयोग्य.

"पण साहेब, माणसाला?"

"तो आमचा विषय नाही. भूगर्भवाल्यांना विचारा."

दुपारी डॉक्टर, शेतकीचे साहेब आणि भूगर्भवाले, तिघेही विद्यापीठाच्या उपाहारगृहात एकाच टेबलाशी चहा पीत बसले. बोलले कशावर? बदल्यांवर! मास्तर पिशवी छातीशी धरून चार हातांवर उभे होते. पुढे व्हायची त्यांची हिंमत झाली नाही. मी पिशवीत होते. मला तोंड होतं, पण त्यात बूच.

चहा झाल्यावर भूगर्भवाल्यांनी मला उजेडात धरलं आणि खुशीत म्हणाले, "वा! खाली जुन्या गाळाचे थर असणार. नमुना ठेवून जा." मास्तरांनी मोतीरामचं नाव काढलं. साहेबांनी विचारलं, "कोण मोतीराम?"

तेव्हापासून मी भूगर्भवाल्यांच्या खोलीतल्या या फळीवर आहे. वर्षातून एकदा शिपाई फडकं मारतो. मास्तर शेतकीचा कागद घेऊन गावी परतले.

मित्रांनो, मोतीरामचं दुखणं खोल्या पाडून आलं नव्हतं. जमिनीतून पाण्यात आणि पाण्यातून रक्तात, असं ते एकच होतं. त्याचे तीन तुकडे या शिकलेल्या माणसांनी केले, आणि आपापला तुकडा घेऊन दारं लावली. उद्या तुम्हीही शिकाल, तुम्हालाही अशी एक खोली मिळेल. कुणी प्रश्न घेऊन आलं तर त्याला नुसती पुढची खोली दाखवू नका. उठा, सोबत जा, आणि उत्तर मिळेपर्यंत तिथून हलू नका. हात जोडले असते, पण मला हात नाहीत.

सुभद्राबाईचा स्वभाव मला ठाऊक आहे. मोठ्या साहेबांनी सांगितलं तेवढं ती अक्षरशः पाळते. मास्तरांनी तो कागद तिला वाचून दाखवला असेल, आणि त्याच दिवशी तिने कांद्याचं पाणी तोडलं असेल. मोतीराम पाणी मागत असेल, आणि ती त्याच विहिरीच्या पाण्याने तांब्या भरून त्याच्या ओठांना लावत असेल.