रेषेच्या पुढचे शहाणे

मुलांनो, अशी कल्पना करा की तुम्ही गाडीत मागच्या सीटवर बसला आहात. समोर चौक, चौकापलीकडे शाळेचा हॉल. त्याचं दारसुद्धा दिसतंय. आणि सिग्नल लाल. आता तुमच्या जागी एका मुलीला बसवा. घरात तिला सगळे वकीलबाई म्हणायचे, कारण कुणाचंही चुकलं की ती पुराव्यासकट बोलायची.

आज शाळेच्या बुद्धिबळ संघाची निवड होती. खेळाडू आला नाही तरी त्याचं घड्याळ चालू करतात, आणि ते संपलं की न खेळताच हार. वकीलबाईने अख्खी सुट्टी त्या पटावर घालवली होती.

गाडी मामा चालवत होता. थांबण्याची पांढरी रेष इतरांसाठी असते, असा त्याचा समज. तो ती ओलांडून, पायी जाणाऱ्यांच्या पट्ट्यांवर गाडीचं नाक खुपसून उभा होता. शेजारी एक टेम्पो आणि दोन मोटारसायकली, तेही तसेच. रेषेमागे चिटपाखरू नव्हतं.

"या सिग्नलला अक्कल बसवलीय म्हणे," मामा म्हणाला. "गर्दी बघून हिरवा होतो. आपण दिसत नाही का त्याला? आंधळा आहे लेकाचा."

समोरच्या आडव्या मोठ्या रस्त्याला हिरवाच होता. त्यावरून वाहनं निवांत जात होती.

"मामा, खांबावर पाटी आहे. कॅमेरा फक्त रेषेमागच्या गाड्या मोजतो. आपण पुढे आलोय. त्याच्या हिशेबी इथे कुणीच नाही."

"पाट्या वाचत बसायला मला वेळ आहे का?" असं म्हणून मामा नुसताच बसून राहिला.

"मग थोडी मागे घे ना."

"मागे? मी? म्हणजे हा टेम्पोवाला माझ्या जागी घुसायला मोकळा."

टेम्पोवाल्याने खिडकीतून मान बाहेर काढली. "साहेब, तुम्ही हॉर्न वाजवा, मीही वाजवतो. मग बघू कसा सोडत नाही ते."

दोघांनी वाजवले. एका मोटारसायकलवाल्याने इंजिन गुरगुरवलं, जणू सिग्नल घाबरून रंग बदलणार होता. दुसरा आणखी वीतभर पुढे सरकला आणि जिंकल्यासारखा इकडेतिकडे बघू लागला. चांगली दाढीमिशांची माणसं ही. खांबावरच्या चार ओळी मात्र एकालाही वाचवेनात.

पलीकडे हॉलच्या दारात शाळेतल्या बाई आल्या. त्यांनी रस्त्याकडे पाहिलं, मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि दार लोटून त्या आत गेल्या.

"मामा, मी उतरते."

"गप बस. आत्ता सुटेल. मला शिकवू नकोस, तुझ्या जन्माआधीपासून गाडी चालवतोय मी."

"म्हणूनच उतरते," वकीलबाई म्हणाली.

तिने पट्टा सोडला, दप्तर खांद्याला लावलं आणि फुटपाथच्या बाजूने उतरून खांबावरचं पायी जाणाऱ्यांचं बटण दाबलं. थोड्या वेळाने चारही रस्ते लाल झाले आणि चालणारा हिरवा माणूस उजळला. पट्ट्यांवर मामाची गाडी आडवी आल्यामुळे तिला गाडीच्या नाकाला वळसा घालावा लागला. काचेसमोर आल्यावर ती क्षणभर थांबली, तिने तळहात हलवून मामाला 'मागे, मागे' अशी खूण केली, आणि तो मागे घेतो की नाही ते बघायला न थांबता ती हॉलच्या दाराकडे चालू लागली.