ठिपका खाली

दोन ठिपके, एकावर एक. माझ्या प्रबंधाच्या चौथ्या प्रकरणातली आकृती. लाल ठिपका माझा, मोजलेला. काळा माझ्या गुरुजींचा, मिरवालियेव्ह दोमलांचा, माझ्या जन्माआधी त्यांनी निव्वळ गणितानं काढलेला. दोन्ही २.४६ वर. काळा दिसतच नाही, लालाखाली दडलाय.

नाही, इथून नको.

सकाळपासून. दुपारी माझी मौखिक परीक्षा, आणि आजच दोमलांची सत्तरी. संस्थेच्या अंगणात तुतीखाली कझान, ती मोठी कढई, चढवलेली. तोलकिन अका, संस्थेतल्या आम्हा पोरांचा थोरला भाऊ, ओशसाठी, म्हणजे मेजवानीच्या पुलावासाठी, गाजरं कापत होता.

"सरविनोझ, तोंड बघ तुझं! कझानमध्ये तुलाच टाकणार आहोत का आम्ही?"

"दोमला कुठेत?"

"कांदा परततायत. जवळ जाऊ नकोस, मलाही हाकललं त्यांनी."

मी गेले.

पण आधी हे सांगायला हवं. सिग्मा नावाचा कण हा एक चिमुकला लोहचुंबक. त्याची ताकद मॅग्नेटॉनमध्ये मोजतात. हे माप वजनावरून ठरतं: इलेक्ट्रॉनचं वजन घातलं तर माप मोठं, प्रोटॉनचं घातलं तर कितीतरी लहान. आमच्या धंद्यात सगळे प्रोटॉनचंच घालतात. मीही.

पहाटे सहज, परीक्षक विचारतील म्हणून, दोमलांचं गणित पहिल्यापासून करून पाहिलं. २.४६ येईना. १.९४ येई. पुन्हा १.९४. मग प्रोटॉनच्या जागी सिग्माचं स्वतःचं वजन घातलं, प्रोटॉनच्या सव्वापटीहून थोडं जास्त. माप लहान झालं, आकडा वाढला. आलं. २.४६.

म्हणजे त्यांची मोजायची काठी वेगळी, माझी वेगळी. जुळला तो फक्त आकडा.

आणि हे कुणालाच कसं दिसलं नाही? इथे प्रत्येकाला २.४६ तोंडपाठ आहे. दर मेजवानीत त्याच्या नावानं पेले उचलतात. गणित कोणी करत नाही. दोमलांनी केलंय ना! शिवाय माप विसरलेल्या पोरांना फळ्यापाशी उभं करून "अडीच काय? खरबुजं?" असं विचारणारे दोमलाच. त्यांना कोण विचारणार?

कांदा लाल झाला होता. मी सांगितलं. एका दमात, वाफेत उभी राहून.

त्यांनी झारा थांबवला नाही.

"कुठलं वजन घातलंस म्हणालीस?"

"सिग्माचं. तुम्ही घातलं होतं, दोमला."

"मी." आता झारा थांबला, कांदा करपायला लागला. "तेव्हा आम्ही तसंच लिहायचो. मोजलेलं काही नव्हतंच जुळवायला. नंतर मोजलेला आकडाही तोच आला, आणि मी..." त्यांनी मांस टाकलं, तेल तडतडलं. "आज नको, पोरी. माणसं येतायत."

"मग मी काय दाखवू?"

"तोलकिन! गाजरं आण!"

आकृती तशीच ठेवली तर पदवी. काढली तर चौथं प्रकरण पडतं, परीक्षा लांबते, आणि सत्तरीच्या दिवशी दोमलांच्या आयुष्यातला एकुलता एक आकडा... मी जिना चढले. उतरले. पुन्हा चढले. टोपीवाले म्हातारे विद्वान येऊ लागले, एकमेकांचे हात दोन्ही हातांत घेत, तब्येत विचारत. मला प्रत्येकाचा राग येत होता.

सभागृह. पहिलं प्रकरण. दुसरं. माझा आवाज माझ्याआधी धावत होता. तिसरं.

चौथं. पडद्यावर एकच लाल ठिपका.

"इथे प्रयोग आणि सिद्धान्त..."

पुढचा शब्द 'जुळतात'. तोंडातून निघेना. खिडकीतून जिऱ्याचा वास. कोणीतरी खोकलं. अध्यक्ष म्हणाले, "पाणी घ्या, बेटा."

पहिल्या रांगेत खुर्ची करकरली. दोमला उभे राहिले होते, बाहीला तेलाचा डाग.

"दोन पूर्णांक सेहेचाळीस काय?" ते म्हणाले. "खरबुजं?"

सगळे खदाखदा हसले. वाढदिवस ना. तोलकिन अकानं तर मांडीवर थाप मारली.

दोमला हसले नाहीत. हसू मागच्या रांगेपर्यंत हळूहळू विझत गेलं.

"लाल ठिपका प्रोटॉनच्या मॅग्नेटॉनमध्ये आहे," मी म्हणाले. "काळा... सिग्माच्या स्वतःच्या."

"मग जुळले कसे?"

"नाही जुळले, दोमला."

"भाग दे."

मी फळ्याशी गेले. खडू तुटला. दुसरा घेतला. २.४६ भागिले दोन वजनांचं गुणोत्तर, असा भागाकार शाळेतल्या पोरीसारखा पूर्ण मांडला, कारण हात थांबवायचा नव्हता. १.९४.

"आता ठिपका खाली आण."

मी फळ्यावर अक्ष काढला. वर माझा ठिपका, खाली त्यांचा. मध्ये एवढी मोकळी जागा पहिल्यांदाच दिसत होती.

अध्यक्षांनी कागद आवरायला घेतले. "चौथं प्रकरण नव्यानं लिहावं लागेल. आजची परीक्षा आपण पुढे..."

"परीक्षा पुढे ढकला," दोमला म्हणाले, "पण तिला फळ्यापासून हलवू नका." ते चालत पुढे आले, माझ्या हातातला खडू घेतला, त्या मोकळ्या जागेवर टेकवला.

"हे एवढं कुठे गेलं, पोरी?"

"माहीत नाही."

"मलाही नाही." त्यांनी कोट काढून खुर्चीवर टाकला. "तोलकिन, खाली जा. भाताखालचा जाळ कमी कर. आम्हाला वेळ लागेल."