ओझोनला धोका नाही

तीस वर्षं फ्रिज दुरुस्त करणाऱ्याची परीक्षा कसली घेता, असं मी येईल त्याला ऐकवत होतो. पण नियमच बदलला होता. परवाना नसेल, तर दुकानाला टाळं. त्यात ठरलेला परीक्षक आजारी पडला आणि त्याच्या जागी आली कोण, तर माझीच मुलगी!

"बाबा, तुम्ही पुढच्या महिन्यात बसा," ती हळूच म्हणाली.

मी कसला ऐकतोय! "आजच बसणार. आणि सूट दिलीस ना, तर घरी बोलणार नाही तुझ्याशी."

समोरच्या फ्रिजचा कॉम्प्रेसर बदलायचा होता. गेज लावलं, दाब पाहिला, हात कसे सराईत चालले होते. मग आतला गॅस सोडायला नेहमीसारखी नळी खिडकीबाहेर काढली आणि व्हॉल्व्ह उघडला. फुस्स!

"बंद करा ते! गॅस मशीनने काढून सिलिंडरमध्ये भरायचा असतो."

"अगं, हे बघ, कॉम्प्रेसरवरच्या या चिठ्ठीवरच लिहिलंय. ओझोनला धोका नाही." आम्ही सगळे कारागीर याच चिठ्ठीच्या भरवशावर वीस वर्षं गॅस हवेत सोडत आलो होतो.

"ते खरंय," ती म्हणाली. "ओझोन म्हणजे उंचावरची छत्री, सूर्याचे घातक किरण अडवते. जुना गॅस तिची चाळण करायचा, हा करत नाही. पण पृथ्वीची उष्णता बाहेर जाते ना, ती हा अडवतो. आधीच उकडतंय आणि आपण वरून आणखी पांघरूण घालतोय. किलोला किलो धरलं, तर कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून जास्त."

वीस वर्षांत किती गॅस सोडला असेल मी, देव जाणे. फार वाईट वाटलं.

तिने कागद पुढे ओढला. स्वच्छ अक्षरात एकच शब्द लिहिला: नापास.

बाहेर बाकावर माझ्याच धंद्यातले आठ-दहा जण नंबराची वाट बघत होते. "काय मग, घरचीच परीक्षक! पास ना?" एकाने डोळा मारला.

"नापास," मी छाती पुढे काढून सांगितलं. "आणि तुम्हीही नळी खिडकीबाहेर काढलीत, तर ती तुम्हालाही सोडणार नाही. स्वतःच्या बापाला सोडलं नाही तिने!"