राखणीची काठी

सरकारी तक्त्यात रकाना रिकामा सोडता येत नाही, हे तुम्हा-आम्हाला ठाऊक आहे. लिहायला काही नसेल तर 'निरंक' लिहायचं आणि पुढे सरकायचं. वनखात्यातल्या लोकेशनेही तेच केलं.

सावली तालुक्यातल्या एका गावाचं जंगल कसं राखायचं, याचा तक्ता त्याने कार्यालयात पंख्याखाली बसूनच भरला होता. तारेचं कुंपण : एक कोटी ऐंशी लाख. गावाची राखण : निरंक. साहेब म्हणाले होते, "फुकटच्या कामाला मंजुरी कशाची द्यायची? कुंपणच करा." कुंपण झालं की गावाची मोहफुलं वेचायची वाट बंद, विडीसाठी विकायची तेंदूपानंही बंद. त्या तक्त्यावर फक्त ग्रामसभेची सही हवी होती.

अध्यक्ष वच्छलाबाईंच्या अंगणात शिरताना कुत्रं अंगावर आलं. लोकेशने दाराशी टेकवलेली काठी उचलली.

"झालं!" बाई हसल्या. "राखणीची काठी हाय थे. सकाळी ज्याच्या दारात काठी, त्या घरानं जंगलात जायाचं. आज आमचा नंबर होता. पण उचलली तुमी, आता चाला. सहीचं आल्यावर पाहू."

नाही म्हणायची सोय नव्हती. मे महिन्याच्या उन्हात लोकेश बाईंच्या मागे निघाला. वणवा पसरू नये म्हणून आखलेल्या पट्ट्यावरचा पाला दोघांनी झाडून काढला. दुपारपर्यंत त्याच्या तळहाताला फोड आले.

पुढे जुन्या योजनेतलं कुंपण लागलं. खांब आडवे, तार गायब. बाईंनी एका झुडपाखाली हात घातला आणि तारेचा फास ओढून बाहेर काढला.

"हे पाहा तुमचं कुंपण! चार वर्षांत पडलं. शिकाऱ्यानं तार नेली अन् तिचेच फासे केले. चितळ मरते याच्यात."

शिदोरी सोडताना त्यांनी तक्ता मागितला. एका रकान्यावर बोट थांबलं.

"निरंक? काऊन लिवलं असं? अकरा वर्सं झाली, रोज दोन माणसं रोजी बुडवून फिरून राह्यली. वणवा विझवताना आमच्या मनसारामचा हात जळला, अजून मूठ वळत नाई. थो कोन्या रकान्यात हाय, साहेब?"

"बाई, तुम्ही पैसे मागितले नाहीत, म्हणून..."

"मागितले नाई म्हणून लागलेच नाई? तुमच्या मायनं सैपाकाचे पैसे मागितले का कधी?"

लोकेशने घास खाली ठेवला आणि पेन काढून 'निरंक' खोडलं.

दुसऱ्या दिवशी त्याने तो फास साहेबांच्या टेबलावर ठेवला आणि शेजारी नवा तक्ता.

"दोन माणसं, वर्षाचे सगळे दिवस. पूर्ण रोजी दिली तरी तीन लाखांच्या आत भागतं, सर. कुंपण मागच्यासारखं चारच वर्षं टिकलं, तर वर्षाला पंचेचाळीस लाख पडतात! शिवाय गावाचा मोह-तेंदू बुडणार, तो वेगळा. तोही मी मांडलाय. जुन्या तक्त्यावर मी ग्रामसभेची सही मागायला जाणार नाही."

"एका दिवसात फार शिकून आलास," साहेब गुरकावले. फास मात्र हातात घेऊन त्यांनी नव्या तक्त्यातले आकडे दोनदा तपासले. शेवटी त्यांनी जुना तक्ता फाडला. राखणीच्या रोजीचा प्रस्ताव वर गेला.

वाचकहो, संताप येतो तो याचाच. एक कोटी ऐंशी लाखांची तार लगेच दिसते आणि माणसाचा जळलेला हात दिसत नाही! जंगल कधीच फुकट राखलं जात नाही. कोणीतरी त्याची किंमत देतच असतं, आपण ती लिहीत नाही एवढंच. म्हणून कोणाच्याही कष्टापुढे 'निरंक' लिहिण्याआधी एक दिवस त्याची काठी उचलून बघा.