आयोगाने खाली यावं

गणिताच्या बाईंचा हट्ट अख्ख्या शाळेला ठाऊक होता. मुलीचं उत्तर बरोबर आलं तरी त्या सोडायच्या नाहीत. कसं आलं ते फळ्यावर दाखव म्हणायच्या. लहानपणच्या आजारात पाय गेले तेव्हापासून त्यांच्याकडे चाकाची खुर्ची होती. वर्गात ती खुर्ची त्या अशी गर्रकन वळवायच्या, की मागच्या बाकावरची कुजबुज जागच्या जागी थिजायची. घरी त्या आणि त्यांचा धाकटा भाऊ. त्याचं चष्म्याचं दुकान होतं. दोघं दिवसभर आपापल्या कामात असायची आणि संध्याकाळी एकमेकांशी भांडायची.

पूर आला त्या दिवशी पाऊस थांबलेला होता. वरच्या धरणाचं पाणी सोडलं, आणि सोडतोय हे गावाला कुणी सांगितलंच नाही. भोंगा वाजला नाही. तळमजल्यावरच्या त्यांच्या घरात पाणी पलंगाला लागलं, तेव्हा धाकट्याने बहिणीला पाठुंगळी घेतलं आणि वरच्या मजल्यावर नेलं. मग परत खाली जाऊन खुर्ची आणली. वर शिवणकाम करणारे मास्तर आणि त्यांच्या पत्नी, काकू, राहत. मास्तरांची फुप्फुसं निकामी होत चालली होती. ते खाटेवर असायचे, नाकाला नळी, उशाशी श्वासाचं यंत्र. वीज गेली तसं यंत्र गप्प झालं. जवळ प्राणवायूची एक छोटी टाकी होती, तिच्यावर तेवढा दिवस निघाला असता.

दुपारी जिन्यापाशी बोट आली. बचावपथकाचा प्रमुख चांगला माणूस होता, आवाजही मऊ होता.

"चालणारे आधी. खुर्ची आणि खाट दुसऱ्या फेरीत."

"दुसरी फेरी कधी?" बाईंनी विचारलं.

"ही माणसं उतरवली की लगेच."

शेजारपाजारचे बोटीत बसले. काकू बसल्या नाहीत, धाकटाही बसला नाही. बोट गेली. संध्याकाळ झाली तरी परत आली नाही. टाकी संपली. काकूंनी मास्तरांच्या छातीवर हात ठेवला होता. तो हात हळूहळू हलायचा थांबला, तेव्हा उजेड नुकता कमी होत होता. सकाळी पाणी आपोआप उतरलं. बोट तेव्हाही आली नाही.

मग सुरू झाली टोलवाटोलवी. धरणवाले म्हणाले, आम्ही पोलिसांना कळवलं होतं. पोलीस म्हणाले, भोंगा नगरपालिकेचा. नगरपालिका म्हणाली, भोंग्याला वीजच नव्हती. बोटी अग्निशमन दलाच्या, त्यांचं इंधन तिसऱ्याच खात्याच्या ताब्यात. प्रत्येकाने हात वर केले आणि सरकारने "नैसर्गिक आपत्ती" म्हणून सगळ्यांची बोळवण केली.

गाव मात्र पेटलं होतं. राज्यभरासाठी एक कायमचा आयोग हवा, अशी मागणी उठली. या सगळ्या खात्यांना एका टेबलाशी बसवेल, त्यांच्याकडून वेळच्या वेळी सराव करून घेईल आणि चुकलं तर नाव घेऊन जाब विचारेल, असा आयोग. बाई मोर्चाच्या पुढे खुर्चीवर, काकू शेजारी. बऱ्याच मोर्च्यांनंतर सरकारने एक समिती नेमली. असा आयोग हवा की नको, हे ती ठरवणार होती. अध्यक्ष होते एक निवृत्त न्यायमूर्ती, आणि लोकांचं म्हणणं ऐकायला जाहीर सुनावणी ठरली.

सुनावणीच्या दिवशी बाई भावाबरोबर कचेरीत पोचल्या. सभागृह दुसऱ्या मजल्यावर होतं. लिफ्टच्या दारावर "दुरुस्तीसाठी बंद" अशी पाटी लटकत होती, आणि पाटीवर धूळ होती.

समितीचे सचिव जिन्यावरून धावत उतरले. "मॅडम, काळजी करू नका. चार माणसं बोलावतो. खुर्चीसकट अलगद वर नेतील."

"नको," बाई म्हणाल्या. "समितीने खाली यावं."

सचिवांना वाटलं थट्टा आहे. ते हसले. बाई हसल्या नाहीत.

"अहो, वर माईक आहे, पत्रकार आहेत, सगळी व्यवस्था आहे."

"व्यवस्था दिसतेय ना. मी इथे आहे आणि ती वर आहे."

सचिव कपाळाला हात लावून वर गेले. आता धाकट्याचा पारा चढला.

"ताई, आता इथे तमाशा नको. मी उचलतो तुला. आयुष्यभर उचललंय."

"घरात उचललंस. तिथे माझी हरकत नव्हती."

"मग इथे काय झालं? आत जाऊन बोलशील तर आयोग होईल. जिन्याखाली रुसून बसलीस तर काय होणार?"

"वर न्यायला चार जण मिळतील रे," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता, पण वर्गातल्या मुलींनी तो ओळखला असता. "आज पत्रकार आहेत म्हणून चाराचे आठ मिळतील. उद्या त्या सभागृहात आग लागली, सगळे पळत सुटले, की ते चौघं कुठे असतील? तूच सांग. तू होतास ना त्या दिवशी?"

धाकट्याने तोंड फिरवलं. त्या दिवशी बोट गेल्यावर तो जिन्याच्या शेवटच्या कोरड्या पायरीवर बसून पाण्याकडे बघत राहिला होता. त्याबद्दल तो आजवर एक अक्षर बोललेला नव्हता.

"मला माहितीय कुठे असतील," तो शेवटी म्हणाला आणि भिंतीला टेकून खालीच बसला. "बरं. बस तू. मीही बसतो. दुकान काय, बंदच आहे."

वर सुनावणी सुरू झाली. माईकचा आवाज जिन्यातून खाली येत होता. पहिलं नाव पुकारलं ते काकूंचं. त्या आधीच वर जाऊन बसल्या होत्या. गुडघे धरत चढल्या होत्या बिचाऱ्या. काकू माईकपाशी आल्या, घसा साफ केला आणि म्हणाल्या, "माझ्या नवऱ्याबद्दल जे सांगायचं ते मी खाली जाऊन सांगते. माझी साक्षीदार खाली आहे."

आणि त्या निघाल्या. मागच्या रांगेतला काठीवाला म्हातारा उठला. पोटुशी बाई उठली. तान्ह्या मुलाला खांद्यावर टाकलेला बाप उठला. खुर्च्या सरकल्याचा आवाज खालपर्यंत आला, मग पायांचा. बघता बघता तळमजला माणसांनी भरला. पत्रकार सगळ्यांच्या आधी उतरले होते.

शेवटी न्यायमूर्ती आले. कठडा धरून, धापा टाकत, भलतेच चिडलेले.

"हा सरळसरळ अवमान आहे," ते म्हणाले. "समिती लोकांच्या भल्यासाठी बसलीय."

"मग लोक जिथे आहेत तिथे बसा, साहेब," बाई म्हणाल्या. "शिपाईदादा, साहेबांना खुर्ची आणा. त्यांना दम लागलाय."

कुणीतरी फस्सकन हसलं. न्यायमूर्तींनी तिकडे डोळे वटारून बघितलं, मग खरोखरच बसले. सचिवांनी माईकची वायर जिन्यावरून खाली सोडली.

आधी काकू बोलल्या. रडल्या नाहीत. नवऱ्याचा श्वास कसा आखूड होत गेला ते त्यांनी सांगितलं, आणि शेवटी म्हणाल्या, "ते पुराने गेले नाहीत. वाट बघून गेले."

न्यायमूर्ती बाईंकडे वळले. "तुमचं म्हणणं काय? काय हवंय तुम्हाला?"

"आयोग. कायद्याने आलेला, कायमचा. आणि त्यात मताचा अधिकार असलेली आमची माणसं. ज्यांना मागे ठेवलं गेलं, ती."

"आम्ही तशी शिफारस नक्की करू."

"शिफारस म्हणजे दुसरी फेरी, साहेब. ती आम्ही एकदा बघितलीय. इथे, सगळ्यांसमोर, आयोग हवा की नको ते सांगा."

सचिव कानाशी लागायला पुढे झाले. न्यायमूर्तींनी त्यांना हाताने मागे सारलं.

"हवा," ते म्हणाले. "माझं मत झालंय. लिहून घ्या."

एवढ्याने सगळं मार्गी लागलं असं नाही. विधानसभेत मसुदा आला तेव्हा लोकांच्या जागा "सल्लागार" झाल्या होत्या. बोलायचं, पण मत द्यायचं नाही. बाईंना त्यातलं एक पद देऊ केलं. त्यांनी ते परत केलं आणि पुन्हा रस्त्यावर बसल्या. या खेपेला छत्री धाकट्याने धरली होती, आणि घोषणाही तोच देत होता, बेसूर, पण पोट फाडून.

अखेर सरकारने एक जागा मताधिकारासह मान्य केली. ती मात्र बाईंना दिली नाही. इतकी खटपटी बाई नको, असं वरून आलं म्हणे. त्याऐवजी एक साधीसुधी, मवाळ विधवा नेमू, म्हणून काकूंना नेमलं.

धाकटा चिडून लालबुंद झाला. "लढलीस तू, आणि खुर्ची त्यांना?"

"माझ्याकडे खुर्ची आहे," बाई म्हणाल्या. पण तो दिवस त्यांना जड गेला. संध्याकाळी त्या नेहमीसारख्या भांडल्याही नाहीत.

आयोगाची पहिली बैठक झाली त्या दुपारी बाई शाळेत होत्या. मधल्या सुट्टीत फोन वाजला. काकू होत्या, दबक्या आवाजात बोलत होत्या.

"पोरी, बैठक संपली म्हणतायत. मी विचारलं, खाटेवरच्या माणसांना बोटीत कसं घ्यायचं त्याचा सराव कधी? तर वीजवाले सांगतात पुढच्या बैठकीत बघू, बोटवाले सांगतात ते आमच्याकडे येत नाही."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, मी काही उठत नाही. तुम्हाला दिवे बंद करायचे तर करा. आता सगळे परत बसलेत, तोंडं पाडून. बरं, मला सांग, तारीख ठरली की त्याखाली सगळ्यांच्या सह्या घेऊ ना?"

"सगळ्यांच्या," बाई म्हणाल्या. "आणि काकू, सराव आपल्याच जिन्यात ठेवायला सांगा."